संकष्टीचे बांगडे

मनोरीला जायचा रविवार मी ठरवला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

माझ्या एका मित्राची बायको सव्वा वर्षापूर्वी गेली. दिंडोशीच्या कॉलनीत आम्ही तिघे मित्र एकाच मजल्यावर वाढलो, त्यातला हा एक. मूळचा मालवणकडचा. ती गेल्यापासून त्याने एक रीत पाडली होती. बोलावलं की यायचा, वीस मिनिटं बसायचा, सगळ्यांच्या बोलण्यावर मान हलवायचा, आणि मग ‘जरा फोन करून येतो’ म्हणून बाहेर पडायचा. थोड्या वेळाने दाराशी पाहिलं की त्याच्या चपला नसायच्या. माझ्याच घरून तो असा तीनदा गेला. त्याला रागावणार कोण? सगळे त्याच्याशी काचेच्या बरणीशी बोलावं तसे बोलत होतो.

तिसरा मित्र, जो रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातो आणि उरलेला आठवडा माझी टिंगल करतो, त्याला कल्पना सुचली. “घरातनं पळतो ना? मग त्याला होडीत घालून ने. मनोरीहून कसा पळतो बघू.”

मनोरी काही बेट नाही, पण मार्व्याहून होडीने गेलं की तसं वाटतं. शिवाय तिथे ताजे मासे, आणि माशांसाठी हा माणूस पूर्वी ऑफिसला दांडी मारत असे. आम्ही दोघंच त्याला घेऊन गेलो तर कट उघडा पडेल म्हणून मी बोरिवलीच्या बागेतल्या माझ्या नव्या मंडळींनाही बोलावलं. रोज सकाळी बागेला फेऱ्या मारणारे आम्ही अकरा जण आहोत. या अकरांत एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक चिटणीस, एक सहचिटणीस आणि दोन सल्लागार आहेत. पद नसलेले चौघे उरतो, आणि त्यांत असण्याचा मला अभिमान आहे.

मित्राला फोन करून तारीख सांगितली तेव्हा ती त्याने पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, “येतो.”

मार्व्याच्या धक्क्यावर अध्यक्ष आधीच हजर होते. त्यांच्या एका हातात गुंडाळलेला बॅनर, दुसऱ्या हातात चाकं लावलेला स्पीकर. बॅनरवर ‘स्नेहमेळावा’ आणि त्याखाली पदाधिकाऱ्यांचे फोटो. होडीवाल्याने स्पीकरकडे पाहून विचारलं, “लग्न हाय काय?” अध्यक्षांना ते कौतुक वाटलं.

भाड्याने घेतलेल्या बंगलीच्या ओटीवर सगळ्यांनी चपला काढल्या. मित्राच्या तपकिरी चपला दिसतील अशी खुर्ची मी धरली आणि दुपारपर्यंत माझा सगळा आनंद त्या चपलांवर टांगलेला राहिला. बागेतल्या मंडळींना तो आवडला होता. एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्याला गुलमोहर आणि सोनमोहर यांतला फरक समजावत होत्या. कुणी विनोद करत होतं, कुणी पत्ते वाटत होतं. मी हसत होतो, पत्ते उचलत होतो आणि दर मिनिटाला ओटीकडे बघत होतो.

“काय रे, चपला चोरायच्यात का कुणाच्या?” विहारवाला मित्र हळूच म्हणाला.

“तू पण बघ ना जरा.”

“मी समुद्र बघायला आलोय, यार.”

अकरा वाजता दोन माडांमध्ये बॅनर बांधला गेला आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आजच्या या शुभदिनी, असं त्यांनी म्हटलं मात्र, बाईंनी मोबाइल पाहिला आणि उभ्याच राहिल्या.

“अहो, आज संकष्टी!”

स्पीकरने बारीक शीळ घातली. नाश्त्याला उकडलेली अंडी होती. बाईंसकट सहा जणांचा उपास ती खाऊन मोडलेला होता, आणि हे त्यांना आत्ता कळत होतं. उपाध्यक्षांनी अर्धं अंडं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं, का ते त्यांनाच माहीत.

“तारीख कुणी काढली?” बाई म्हणाल्या.

मी हात वर केला. रंगकामाच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर मी उतरवलं होतं ते परत लावलंच नव्हतं. मोबाइलमध्ये सगळं असतं असं मी लोकांना सांगत असे. बघितलं तर असतं, हे बाईंनी मला त्या दिवशी सांगितलं.

“आमच्यात चतुर्थी नाही,” विहारवाला म्हणाला. “बांगड्यांची काळजी करू नका. मी एकटा पुरेन.”

चर्चेअंती असं ठरलं की नकळत झालेलं माफ असतं आणि इथून पुढे उपास चालू धरावा. मग प्रश्न जेवणाचा. बंगली सांभाळणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “वरी नि दाण्याची आमटी करीन, नाहीतर मासे करीन. दोन्ही मी एकटी करायची नाय.” पंचवीस बांगडे बादलीत पडले होते. वरीवर एकमत झालं आणि ठराव अध्यक्षांनी स्पीकरवरून वाचून दाखवला.

या गोंधळात माझं ओटीकडे पाहायचं राहून गेलं. पाहिलं तेव्हा तपकिरी चपला नव्हत्या.

कुणाला न सांगता मी धक्क्याकडे निघालो. चालत नव्हतो, पळत होतो. साठी उलटलेल्या माणसाने भर उन्हात पळणं हे पाहायला चांगलं दिसत नाही, आणि कोळणींनी तसं बोलूनही दाखवलं. होडी नुकतीच सुटली होती. त्यात पांढऱ्या सदऱ्यातली चार-पाच माणसं होती. सगळी त्याच्यासारखी दिसत होती. मी फोन लावला. उचलला नाही. आता याला पुन्हा बोलवायचं नाही, माणसाला एकटं राहायचं असेल तर राहू द्यावं, असं मी परतताना स्वतःला समजावत होतो, आणि ते पटत नव्हतं.

बंगलीच्या मागच्या बाजूने आलो, कारण पुढे स्पीकर चालू होता. मागे नळाशी तो बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात त्या चपला, आणि हाताखाली बांगडे. अर्धेअधिक साफ करून झाले होते.

“फोन का उचलत नाहीस?”

त्याने रक्ताने भरलेले दोन्ही हात मला दाखवले. “हे हात घालू खिशात?”

“आपण दोघं मिळून...”

“तू लांब राहा. माझा उपास आहे, मला चव बघता येणार नाही, म्हणून आधीच टेन्शन आहे.”

“तुझा उपास? तू कधीपासून संकष्टी करायला लागलास?”

तो बांगड्याच्या पोटातून बोट फिरवत राहिला. “ती करायची. मग चालू ठेवली.” पुढचा बांगडा उचलत म्हणाला, “ती स्वतः उपाशी राहून मला मासे करून घालायची. आतून ओरडायची, मीठ बघा हो. मी पेपर वाचत असायचो. न बघताच बरोबर आहे म्हणायचो.”

म्हणजे फोनवर तारीख ऐकली तेव्हाच त्याला ठाऊक होतं. तरी आला होता.

मी वाटण करणाऱ्या मावशींच्या मध्ये मध्ये उभा राहिलो. त्याने तिरफळं मागितली, आमसुलं मागितली, मला दोनदा बाजूला ढकललं. मग पातेल्यातला एक डाव माझ्यापुढे धरला.

“मीठ बघ.”

मी चाखलं. कडक खारट होतं. सव्वा वर्ष आम्ही त्याला सगळं छान आहे, सगळं झकास आहे, असंच म्हणत आलो होतो. ओठांवर आलेलं ‘बरोबर आहे’ मी गिळलं.

“खारट आहे रे. वाट लागलीय.”

त्याने डाव पातेल्यात आपटला. “माका शिकवतंस? मगे तूच कर!”

“मी कशाला करू? सांगितलं तेवढं. बघ म्हणालास, बघितलं.”

“जीभ बघ तुझी आधी! सिगरेटी फुंकून चामडं झालंय तिचं.” चांगली दोन मिनिटं त्याने मला शिव्या घातल्या, माझ्या वडिलांपर्यंत पोचला, आणि एकीकडे नारळाचं दूध पातेल्यात ओतत राहिला. मावशी हसून लाल झाल्या. शिव्या ऐकून विहारवाला मागच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघून त्याने नुसत्या भुवया उडवल्या.

जेवताना तो वरीची ताटली घेऊन मासे खाणाऱ्यांच्याच पंगतीत बसला. अध्यक्ष उपासाला नव्हते. त्यांनी बांगडा पाठीकडून फोडायला घेतला तसा हा ओरडला, “अध्यक्ष, हळू. काटा आहे त्यात. भाषण नव्हे, आहे तसं गिळायला.” स्पीकर त्यानंतर कुणी लावला नाही. बाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्षही हसले. ते वाईट गृहस्थ नाहीत.

उन्हं कलली तशी आम्ही परतलो. होडीत बाई पुढच्या सहलीच्या तारखा सुचवत होत्या आणि सगळे मिळून माझ्याऐवजी कॅलेंडर बघणारा नवा पदाधिकारी नेमत होते. मी बाजूला बसलेल्या मित्राला विचारलं, “आता चंद्र उगवेपर्यंत काय करणार?”

“काही नाही. गॅलरीत उभा राहतो. समोर नवे टॉवर झालेत, चंद्र उशिराच दिसतो.” मग पाण्याकडे बघत म्हणाला, “तू येतोस? वरणभात लावीन.”

मी बोरिवलीला घरी फोन करून सांगितलं आणि त्याच्या रिक्षात बसलो. दिंडोशीला त्याच्या दाराशी मी चपला काढल्या. त्याने कुलूप उघडलं, आणि मागे वळून माझ्या पायांकडे बोट केलं.

“त्या आत घेऊन ये. तुम्हा लोकांचा काय भरवसा? जरा फोन करून येतो म्हणाल नि पळाल.”