घासलेले शिंपले

आमच्या आत्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. एका व्यापाऱ्याने तिच्या मोत्यांच्या शिंपल्यांत खोट काढली, तेव्हा तिने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. जाळी चोरणाऱ्या एकाचे तर दात पाडले होते तिने. लोक तिला ‘तोफ’ म्हणायचे, अर्थात ती आसपास नसताना.

नवरा गेल्यावर तिच्याकडे खाडीतला एक तराफा उरला. तराफ्याखाली दोरांना टांगलेल्या जाळ्या आणि जाळ्यांत शिंपले. सगळा जीव त्यांच्यावर. बाकीचे लोक पाण्याचा फवारा मारून शिंपले साफ करत, पण ते तिला पटायचं नाही. ती एकेक शिंपला तारेच्या ब्रशने खसाखसा घासायची, वरचं काळपट साल निघून पांढरं अंग दिसेपर्यंत. “घरी भांडी तरी घासता ना रे?” असं शेजारच्या तराफेवाल्यांना ऐकवायची. उजेडात लवकर वाढतात म्हणून जाळ्याही उथळच ठेवायची.

तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, धक्क्यामागे बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथेच त्यांच्या हाताखाली काम करायचे. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना आत्यानेच वाढवलं होतं. पण आजोबांची होडी बाबांनी तिला न विचारता विकली आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. त्या भांडणात बाबा बोलून गेले होते, “तुझे शिंपले एक दिवस जाळून टाकीन.” मुंगीसुद्धा न मारणारा माणूस, पण बोलला खरा.

एका सकाळी आत्याने जाळी वर ओढली आणि शिंपले तिच्या बोटांत खडूसारखे चुरले. पाठीवर बारीक खड्डे पडलेले, कित्येकांना आरपार भोकं, आतला जीव कुजलेला. आमच्या दुकानातल्या फरशीवर ॲसिड सांडलं की असेच खड्डे पडायचे. ते तिने पाहिलं होतं.

ती ओल्या जाळीसकट दुकानात शिरली.

“किती ओतलंस?”

“काय ओतलं, ताई?” म्हणत बाबा हसले. घाबरले की ते हसतात, ही त्यांची लहानपणापासूनची खोड.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकावरचा मोठा पाना उचलून तिने त्यांचा उजवा हात लाकडावर दाबला आणि हाणला. आधी बोटं गेली, मग मनगट. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मानगूट धरून ती त्यांचं तोंड ॲसिडच्या टबाकडे रेटू लागली. मी तिची वेणी धरून तिला मागे खेचलं, पाडलं आणि तिच्या नाकावर कोपर घातलं. रक्त आलं. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

बाबांनी डॉक्टरांना सांगितलं, हातावर बॅटरी पडली. हाड वाकडं जुळलं. त्या हातात आता चमचाही राहत नाही.

आत्याला मात्र भावाला तुरुंगात धाडायचं होतं. पुरावा हवा म्हणून तिने शिंपले सागरी प्रयोगशाळेत दिले. निकालाच्या दिवशी मीही गेले, आरोप माझ्या बापावर होता.

तिथल्या बाईंनी शिंपल्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी पाहिलं. हिरवट धागे, केसाहून बारीक, मुळांसारखे आत घुसलेले.

“हे सूक्ष्म जीव आहेत,” बाई म्हणाल्या. “खडक, पोवळं, शिंपला, चुन्याचं जे असेल ते विरघळवत आत शिरतात. वरचा भाग पोकळ झाला की गोगलगायी येऊन तो खरवडून खातात. मग हे आणखी आत उतरतात.”

“ॲसिड नाही?” आत्याने विचारलं.

“कुणी ओतलेलं नाही.”

“मग शेजारच्यांचे शिंपले कसे धडधाकट?”

“त्यांच्यावर साल आहे. ते या जिवांना बऱ्यापैकी अडवतं. तुमच्या शिंपल्यांचं साल घासून गेलंय. त्यात जाळ्या उथळ पाण्यात, यांना उजेडही आयता मिळाला.”

आत्याने टेबलावर असा हात हाणला की काचा उडाल्या. पुन्हा हाणला. समोर मारायला कुणी नव्हतं.

त्याच दिवशी ती आमच्या घरी आली. बाबा जेवत होते. ती त्यांच्यासमोर बसली आणि आपला उजवा हात ताटाशेजारी ठेवला.

“मोड,” ती म्हणाली. “मी हूं की चूं करणार नाही.”

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. ते हसले नाहीत.

“मी ते केलं नव्हतं, हे त्या बाईंना काचेतून दिसलं,” ते म्हणाले. “तू मला कडेवर घेऊन वाढवलंस, ताई. तुला कसं दिसलं नाही?”

मार खायची तयारी करून आली होती ती. या प्रश्नाची नव्हती. “दिसलं नाही,” एवढंच म्हणाली.

बाबा डाव्या हाताने जेवत राहिले.