किल्लीवालीचा बुचडा

नवी कैदीण आली की माझी बायको तिला गुन्हा विचारायची नाही. आधी डोकं बघायची. अंगणात खाली बसवून, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत धरून फणीने उवा काढायची. खुनी असो की कोंबडीचोर, सगळ्यांना तेच. म्हणायची, "गुन्हा दरबाराने बघितलाय. उवा कोणी बघितल्या?"

धारच्या संस्थानी तुरुंगात मी शिपाई होतो. बायकांची कोठडी पुरुषाने उघडायची नाही असा नियम, आणि बाई नोकर काही मिळेना. दरोगासाहेब मला म्हणाले, "तुझ्या घरून विचार." देवासला तिच्या माहेरी कळलं तेव्हा सासऱ्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी किल्ली कमरेला बांधली ती मरेपर्यंत सोडली नाही. सगळे तिला किल्लीवाली म्हणत. मीसुद्धा. तुरुंगातल्या नोकरांचं कोणी लिहीत नाही, म्हणून मला येतं तसं मीच लिहितो.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायची. घरीही तीच खोड. एकदा डब्याचं झाकण लावून ओढत बसली होती. मी म्हटलं, "अगं, लाडू पळून जातात का?" म्हणाली, "तुमच्या पहाऱ्यात जातात."

आळीत तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत. कैदिणींच्या उवा हिच्या डोक्यात असतील म्हणत. ती एवढंच बोलायची, "ह्या मला बोट लावू देत नाहीत. आतल्या आख्खं डोकं मांडीवर टाकतात."

एका साली फाशीची बाई आली. माळव्यातल्या खेड्यातली शेतकरीण. विळ्याने दिराला मारलं होतं. का मारलं ते कोर्टातही बोलली नाही. फाशीच्या चार दिवस आधी हुकूम झाला की हिचे केस कापा, दोरात अडकतात. ते ऐकून तिने माझ्या बायकोचा पदर धरला. "बई, म्हारा बाल मत काटजो. म्हारो घरवालो जीवतो है."

नवरा जिवंत, मग विधवेसारखं डोकं का करता, एवढंच तिचं म्हणणं. तो नवरा एकदाही भेटीला आला नव्हता.

माझी बायको डोक्यावर पदर घेऊन दरोगासाहेबांच्या दाराआड उभी राहिली. "साहेब, केस मी बांधते. मानेवर एक केस येणार नाही."

"आणि आला तर?"

"तर ह्यांची नोकरी घ्या."

मी तिथेच उभा होतो. घरी आल्यावर म्हटलं, "मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

नोकरीचं एक सोडा. केस अडकला तर फास नीट बसत नाही, मग माणूस लवकर सुटत नाही. हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

त्या दुपारी तिने अळशी उकळून तिचं चिकट पाणी स्वतःच्याच केसांना लावलं आणि टाळूवर घट्ट बुचडा बांधला. मग विहिरीचा दोर आणून माझ्यापुढे टाकला. "घाला गळ्यात. वरून घाला आणि मागून ओढा."

मी हात लावला नाही.

"माझ्या गळ्यात बघवत नाही," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात तर तुम्ही उभं राहून बघणार आहात."

मी दोर घातला. कानामागची एक बट खाली अडकली. तिने सगळं सोडलं. "मला पाठीमागचं दिसत नाही. तुम्ही बांधा." बायकांच्या केसांना मी कधी हात लावला नव्हता. ती सांगत गेली, मी बांधत गेलो. मानेपासून वर ओढा, पीळ द्या, नाड्याचे सात वेढे. तीन दुपारी हे चाललं. तिसऱ्या दुपारी दोर सुटा गेला, सुटा आला. तिच्या मानेवर वळ उठला होता. ती पोळ्या लाटायला बसली.

फाशीच्या सकाळी तिने बाईचे केस बांधले, कुंकू लावलं आणि फाटकापर्यंत तिचा हात धरून गेली. पुढे बायकांना मनाई होती. मी आत होतो. मी आत काय बघितलं ते लिहीत नाही. बाहेर आलो तेव्हा ती तिथेच उभी होती.

"अडकला?"

"नाही."

ती परत गेली, रिकाम्या कोठडीला कुलूप लावलं, तीनदा ओढलं. शनिवार होता. बाकीच्या बाया फणीसाठी रांगेत बसल्या होत्या. ती पहिलीच्या मागे जाऊन बसली.

पुढे तापाची मोठी साथ आली. आत सहा कैदिणी पडल्या. दरोगासाहेब म्हणाले, तू येऊ नकोस. म्हणाली, "मग कुलूप कोण उघडणार?" पाचव्या कैदिणीचं शेवटचं करून आली ती स्वतःच पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

अंघोळ घालायला आळीतली एकही बाई आली नाही. दोष देत नाही, त्यांच्याही घरात प्रेतं होती. मीच पाणी घातलं. कमरेची किल्ली सोडली. ती सवाष्ण गेली, तिची वेणी घालायला हवी होती. मला वेणी येत नाही. मला एकच बांधता येतं. मानेपासून वर ओढलं, पीळ दिला, सात वेढे घातले. मानेवर एक केस राहू दिला नाही.

मग गाठ तीनदा ओढून बघितली.