माळवद कुणी बुजवलं?

नव्या सुवार्तिकांच्या वर्गात पक्षघाती माणसाचा चमत्कार आला की कोण काय बोलणार हे मला आधीच ठाऊक असतं. लुळ्या मित्राला छप्पर उकलून येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांची एकी. गर्दीला न घाबरणं. दारातून जाता येत नसेल तर छपरातून वाट काढणं. सगळं बरोबर असतं, वह्या भराभर भरतात. मग मी विचारतो, "आणि ते छप्पर नंतर कुणी बुजवलं?" वर्ग हसतो. एकेकाळी मीही असाच हसलो होतो, त्यामुळे रागवायला मला तोंड नाही.

तेव्हा मी पंचविशीत होतो. घर उमरीकडचं, पण मिशननं मला चाकूरजवळच्या एका खेड्यात सुवार्तेसाठी धाडलं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. गावात ख्रिस्ती घर एकही नव्हतं. मला ओसरी दिली ती एका बौद्ध घरानं. त्या घरची मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमचा धरम आमच्यापाशी हाय, मास्तर, त्यो काय आमी सोडणार न्हाई. पर हे दिसभर पडून असत्यात. त्यान्ला गोष्टी सांगा." हातात पुस्तक असलेला प्रत्येक माणूस तिच्या लेखी मास्तर. 'हे' म्हणजे तिचा नवरा. तीन वर्षांमागे अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवी बाजू लुळी. मी त्यांना काका म्हणायचो.

त्या घरात ही गोष्ट मी सांगणारच होतो. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. खाली लाकडं, त्यावर काड्या न् पाला, वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. धूर जायला आणि उजेड यायला मधे एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. दुसरीकडे छपरातून माणूस खाली कसा सोडला हे समजावण्यात निम्मा वेळ जातो. इथं मी नुसतं वर बोट दाखवलं. काका डोळे मोठे करून ऐकत होते. मावशी भाकरी थापता थापता थांबली.

"मास्तर, त्यो उठला, चालाया लागला, लई बेस झालं. पर माळवद बुजवलं कुणी?"

मी हसलो. "मावशी, तो मुद्दा नाही."

"तुमी हसायलात. त्या घरच्या बाईला इचारा, मुद्दा हाय का न्हाई."

पुढच्या खेपेला लातूरला गेलो तेव्हा हा किस्सा मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गंमत म्हणून सांगितला. तिथंच चुकलो. ते हसले नाहीत. त्यांना त्यात एक चित्र दिसलं. आठवड्यानं ते तीन तरुण आणि एक फोटोवाला घेऊन गावात हजर झाले. काकांना वाकळीच्या झोळीतून माळवदावर न्यायचं, साणं वाढवून त्यातून खाली सोडायचं आणि त्याचा फोटो काढायचा. परगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना दाखवायला. "आठ दिवसांत माणसं आणि लाकूड पाठवतो, मावशी," ते म्हणाले. "सगळं माळवद नवं करून देतो."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मास्तर, बुजवतील न्हवं?"

"हाव मावशी, मी हाय की." तिच्या बोलीत बोललो की तिला धीर येतो, हे मी एव्हाना शिकलो होतो.

खरं सांगायचं तर तो दिवस छान गेला. तीन वर्षांनी काकांनी वरून गाव पाहिलं. कोरडी विहीर, टँकरपुढची घागरींची रांग, वेशीवरचं लिंबाचं झाड, एकेका गोष्टीकडे डावा हात करत होते. चौघांनी दोर धरले, मी त्यातला एक. फोटो झाला. खाली आल्यावर त्यांनी हट्टच धरला की बाज त्या भोकाखालीच ठेवा. इथनं आभाळ दिसतं म्हणाले.

आठ दिवस गेले, महिना गेला. माणसं आली नाहीत, लाकूड आलं नाही. माती मीसुद्धा टाकू शकलो असतो, पण प्यायला पाणी नाही तिथं चिखल कशाचा करणार? आणि आभाळ असं कोरडं ठणठणीत, की छताला भोक आहे याची काळजी गावात कुणालाच वाटेना. मलाही वाटेना. दुष्काळानं आम्हाला तेवढं बेफिकीर केलं होतं.

तरी दोनदा लातूरला जाऊन आलो. पहिल्या वेळी पाळकसाहेबांना बोलायलाही फुरसत नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण झालेलं, नव्या सभागृहाची घाई चाललेली. "बंधू, आता सुवार्ता खेड्यात बसून व्हायची नाही. ती इथून पसरेल." दुसऱ्या वेळी गेलो तर सभागृह तयार होतं, उपासना चालू होती आणि समोरच्या भिंतीवर आमचा फोटो टांगला होता. केवढा मोठा! काकांच्या डोळ्यांतलं आभाळसुद्धा दिसत होतं.

पाळकसाहेब फोटोकडे हात करून म्हणाले, "चाकूरकडचा हा भाऊ तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता. आज तो चालतो!" आणि मागच्या बाकाकडे बोट केलं. "हे बंधू साक्षीला आहेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून उभा राहिलो. एकच शब्द बोलायचा होता, 'नाही'. मी म्हणालो, "आमेन."

बाहेर त्यांना गाठलं, माळवदाचं काढलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि दुसऱ्याच माणसाशी बोलू लागले. गरज सरो, वैद्य मरो. मला फसवलं होतं, याचा संताप सबंध रस्ताभर पुरला. एसटीतून उतरल्यावर मात्र आठवलं, की मावशीनं शब्द त्यांचा घेतलाच नव्हता. माझा घेतला होता.

ते सगळं तिला सांगायला हवं होतं. मी पंधरा दिवस टाळलं.

मग चैत्रात भरदुपारी अवकाळी आला, गारांसकट. मावशी रोजगार हमीवर खडी फोडायला गेली होती, मी शेजारच्या गावात. आम्ही दोघं धावत एकदमच घरी पोचलो. काका भोकाखाली चिंब पडले होते. बाज सरकवायला घरात कुणी नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली तोंडावर धरली होती, गारांनी तिला खळगे पडले होते. हात आखडला होता, ताटली सुटेना. मावशीनं एकेक बोट सोडवलं. छातीवर लाल वळ होते. मी बाज ओढून कोरड्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या खड्ड्यांत चिखल करण्यापुरतं पाणी होतं. मी लाकडं मागून आणली, पांढरीची माती खणली, शिडी लावली. मावशी दारात उभी होती.

"झोळी सोडताना चौघं व्हता. बाकीचे कुठं हायत?"

"येणार नाहीत, मावशी." आणि मग सगळंच बाहेर पडलं. फोटो, सभागृह, आणि तिचा नवरा चालायला लागला असं भर सभेत सांगितलं गेलं तेव्हा मी आमेन म्हणालो होतो, तेही.

तिनं एकदा बाजेकडे पाहिलं. मग मातीनं भरलेलं घमेलं उचलून तिनं नवऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवलं.

"चालाया लागलेत न्हवं?" ती म्हणाली. "मंग चढू द्या ह्यान्लाच वर."