दादाच्या सायकलीपुढचा पाट

दादा गेल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी दादरच्या आमच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत बसले होते. हातातली वही पुरी केली, तिच्याखालच्या आणखी चार तपासल्या आणि मग पर्स उचलली. हे सांगायची मला लाज वाटत नाही. सुमेध माझा सख्खा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बीएमएक्स सायकल शर्यतींचा व्यावसायिक खेळाडू. त्याला जाऊन आता महिना होईल, आणि महिनाभर लोक मला सांगतायत, दादाबद्दल चार चांगले शब्द लिही. चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत. शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर आठ जण बोलले. आठांच्याही आठवणीत तो साधा, हसतमुख, निगर्वी वगैरे होता. मी भिंतीला टेकून ऐकत होते. दात इतके आवळले होते की घरी आल्यावर दाढा दुखायला लागल्या. मी लिहिणार ते चांगलं नसेल, पण खरं असेल.

परळच्या आमच्या चाळीमागची गिरणी पाडली तेव्हा तिथे मातीचे आणि विटांच्या चुऱ्याचे ढिगारे पडले होते. टॉवर उभा राहायला दोन-तीन वर्षं लागली. तेवढ्यात दादा त्या ढिगाऱ्यांवर सायकल उडवायला शिकला. एका क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला तिथेच पाहिलं आणि खरी शर्यतीची सायकल हातात दिली... वीस इंची चाकं, गिअर नाही, लहान मुलाची वाटावी अशी. या शर्यतीत आठ जण उतारावर एका लोखंडी फाटकाला पुढचं चाक लावून, दोन्ही पाय पायडलवर ठेवून तोल धरून उभे राहतात. फाटक पडलं की सुटायचं. सगळा खेळ जेमतेम पाऊण मिनिटाचा, त्यामुळे पहिल्या क्षणी जो मागे पडला तो बहुतेक मागेच राहतो. सुरुवातीचा सराव रोज हवा, आणि फाटक कुठून आणायचं? दादाने आईचा जेवायचा पाट उचलला.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत तो सायकलवर उभा राहायचा आणि मी बाजूला बसून त्याच्या चाकापुढे पाट उभा धरायची. "तयार" म्हणायचं, थांबायचं आणि पाट पाडायचा. "रोज वेगळं थांब हां," तो बजावायचा, "मला कळता कामा नये." मी मनात आकडे मोजायची, कधी तीन, कधी आठ. अभ्यास, मैत्रिणी, सगळं त्या पाटापुढे बाजूला पडायचं. आई आत दाराशी भाकऱ्या थापत असायची. आणि काय सांगू, पाट जमिनीला टेकायच्या आत दादा जिन्यापर्यंत पोचलेला असायचा! शेजारपाजारचे टाळ्या वाजवायचे. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

इथल्या शर्यतींत फाटक माणूसच पाडायचा. तिथे तो जिंकत गेला, एका सायकल कंपनीने पगारावर घेतला, आणि मग थायलंड, इंडोनेशिया असं सुरू झालं. तिथे मात्र फाटक यंत्र पाडतं. आधी ध्वनिमुद्रित आवाज, मग दर वेळी कमी-जास्त शांतता, मग फाटक. दादा तिथे सुटताना नेहमी मागे पडायचा आणि वळणांवर कशीबशी भरपाई करायचा. अशी सात वर्षं काढली. ज्या शर्यतीवर त्याचा पुढचा करार ठरणार होता, तिथे त्याला धीर धरवला नाही. फाटक पडायच्या आधीच निघाला, त्याच्यावर आपटला, हँडलवरून पुढे फेकला गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि करारही. परत आल्यावर एका वर्तमानपत्राला त्याने सांगितलं, "घरी सुरुवातीचा सराव चुकीचा झाला. बहीण पाट पाडायची, तिची वेळ चुकायची." नावासकट छापून आलं. आई मला एवढंच म्हणाली, "तुला साधं थांबता पण नाही आलं का गं?"

पुढे तो मॉलच्या आवारात कसरती दाखवत राहिला आणि मी बारा वर्षं माझे आकडे आठवत राहिले. तीन जास्त वेळा मोजले का? आठ कमी वेळा? शाळेच्या क्रीडादिनाला धावण्याच्या शर्यतीची शिट्टी मला देतात, मी ती दुसऱ्या बाईंच्या हातात ठेवते. कारण विचारलं तर घसा बसलाय म्हणते. दर वर्षी बसतो.

शेवटची भेट रुग्णालयातली. त्याच्या फुप्फुसांचं काही खरं नव्हतं, नाकाला नळी होती. आई औषधं आणायला खाली गेली होती. मी मोसंबं सोलत होते. दादा माझ्याकडे बघत होता, मग म्हणाला, "तू श्वास घ्यायचीस."

"काय?"

"पाट पाडायच्या आधी... एवढासा श्वास आत घ्यायचीस. दर वेळी. मी त्याच्यावर निघायचो."

इथल्या फाटकवाल्यांच्या बाबतीतही तेच केल्याचं त्याने सांगितलं, कोणाचा खांदा हलायचा, कोणाचा गळा. यंत्राचं काहीच हलत नाही. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग पेपरात माझं नाव कशाला घेतलंस?"

"काहीतरी सांगायला लागतं ना रे..." तो म्हणाला. लहानपणापासून तो मला असंच रे म्हणायचा. पुढे "सॉरी" असंही काहीतरी पुटपुटला. मी अर्धं सोललेलं मोसंबं स्टुलावर ठेवलं आणि निघून आले. पुन्हा गेले नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि मेला म्हणून करणारही नाही.

पण एक काम राहिलं होतं. तो हे फक्त माझ्यापाशी बोलला होता, आणि आईच्या लेखी दोषी अजून मीच होते. गेल्या रविवारी परळला गेले. आई दाराशी त्याच पाटावर बसून भाकऱ्या करत होती. पाटाच्या कडेला टायरचा काळा डाग आहे, इतक्या वर्षांत घासून घासूनही गेलेला नाही. मी सगळं सांगितलं, माझा श्वास, पहिला आठवडा, पेपर. वाटलं होतं रडेल, निदान माझा हात तरी धरेल. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मला पण ऐकू यायचा तुझा श्वास," ती म्हणाली. "इथेच तर बसायचे मी."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस, आई?"

"जिंकत होता ना गं तो," आई म्हणाली, आणि पाटावर जरा सरकून बसत तिने परातीत पुढचा गोळा घेतला.