वरची वलणी

आईचा उजवा हात वर जायचा बंद झाला, तेव्हा आमच्या घरी जिलबी आली होती.

हे विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि बाबांची कचेरी कपाटं-खुर्च्यांसकट भोपाळला आली. मागोमाग आम्ही. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, मागं अंगण आणि चार घरांत मिळून एक नळ. नागपूरहून निघताना आईनं दोनच वस्तू सामानात दिल्या नाहीत, स्वतःच्या हातात धरल्या. एक देवांचा डबा आणि दुसरी कपडे वाळत घालायची काठी.

"भोपाळात काय काठ्या मिळत नाहीत?" बाबा स्टेशनवर म्हणाले.

"मिळतील. ही माझ्या हातातली आहे."

स्वयंपाकघरात छताजवळ दोन दोऱ्यांनी बांबू टांगला, ती आईची वलणी. सोवळ्याचं लुगडं रोज धुऊन तिथं वाळायचं, कुणाचा हात लागू नये म्हणून. ओलं नऊवारी लुगडं घडी करून काठीच्या टोकावर घ्यायचं, हात डोक्यावर ताठ करायचा आणि एका झटक्यात बांबूवर टाकायचं. मग काठीनंच ओढून कड सरळ करायची. मी कॉलेजात जायला लागल्यापासून या सोवळ्यावरून तिच्याशी वाद घालत असे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, नुसती बायकांत नव्हे, पुरुषांतसुद्धा. तेव्हा वाद घालणं मला माझं कामच वाटायचं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एक दिवस आईनं ते लुगडं अंगणातल्या दोरीवर टाकलं. दोरी छातीएवढ्या उंचीवर होती. शेजारी भावांच्या चड्ड्या, माझा परकर.

"अगं, शिवाशीव होईल," बाबा म्हणाले.

"होऊ द्या. इथं कोण बघून राहिलंय?"

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "नवं राज्य, नवी राजधानी आणि बायकोही नवीच!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. देश बदलतोय तर घरही बदलावं, असं त्यांना वाटायचं, पण आईला सांगायची हिंमत नव्हती. संध्याकाळी कचेरीतून येताना जिलबी घेऊन आले.

"पटलं ना शेवटी?" मी आईला विचारलं.

"पटलं बाई," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

पटलं काहीच नव्हतं. तिच्या काखेत गाठ आली होती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता.

हे कळलं तर पुढं काय होणार, ते तिला ठाऊक होतं. घरातली बाई अंथरुणाला लागली की मोठी मुलगी घरी बसायची. त्याला कुणी अन्याय म्हणत नसे. बाबाही वाईट नव्हते, पण धाकट्या दोन भावांसकट पाच माणसांचं धुणं, स्वयंपाक, सकाळी थोडा वेळ येणारं पाणी, हे दुसरं कोण करणार होतं? माझी परीक्षा उन्हाळ्यात होती. तोवर कुणाला काही कळू द्यायचं नाही, असं तिनं एकटीनं ठरवलं.

मी खिडकीशी बसून अभ्यास करायची. खिडकीतून नळ दिसायचा. आईनं कपडे बडवायचं धोपाटणं डाव्या हातात घेतलं, ते मी पाहिलं. चादरी ती आपटेनाशी झाली, पायांनी तुडवायला लागली. लुगडं पिळायला आधी मला हाक मारायची. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं, दोघी उलट्या दिशांना पीळ द्यायचो. आता ती एक टोक नळाला गुंडाळायची आणि दुसरं डाव्या हातानं फिरवायची. मला ती युक्ती वाटली. आई हुशार आहे, असं मनात आलं आणि मी पान उलटलं.

शेजारीण भोपाळचीच होती, आईहून मोठी. ती एकदा नळावर म्हणाली, "क्यों मराठन भाभी, उलटे हाथ से किसको पीट रही हो? भाईसाहब को?"

"वो तो सीधे हाथ से भी नहीं सुधरेंगे," आईनं मोडक्या हिंदीत ठोकून दिलं. सगळा नळ हसला. खिडकीत मीही हसले.

मी बादलीला हात लावला की मात्र आई ओरडायची.

"ठेव ती. वाच जाऊन."

"आता सोवळं नाही ना? मग?"

"सोवळं नाही, परीक्षा आहे."

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले, तर आई नळाजवळच्या दगडावर बसलेली. नळ कोरडा, बाकीच्या बायका कधीच घरी गेलेल्या. बादलीत तिचं लुगडं तसंच ओलं.

"झाला पेपर?"

"झाला."

"शेवटचा ना?"

"हो गं."

"मग हे पीळ. आणि बैस इथं. सांगायचंय."

मी लुगडं पिळलं. तिनं दुसरं टोक धरलं नाही. मग पदर सारून तिनं मला काख दाखवली. माझ्या हातातल्या पिळ्यातून पाणी गळत होतं, माझ्या पायांवर, तिच्या पायांवर. ती म्हणाली, "बाबांना तूच सांग. मला नाही जमणार."

डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. बाबांनी नंतर कधी घरात जिलबी आणली नाही.

निकाल लागला तेव्हा आईची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी होती. मी पास झाल्याचं तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "माझं लुगडं धुतलंस का? आज वरच्या वलणीवर घाल. काठीनं."

मी घातलं, ते खाली पडलं. परत घातलं, निम्मं लोंबलं आणि घसरून माझ्या डोक्यावर आलं. आई हसायला लागली. दम लागला तरी हसत होती. "ग्रॅज्युएट झाली म्हणे! काठी धरता येत नाही." मी पुन्हा धुऊन आणलं आणि या वेळी ते बांबूवर बसलं.

"कड सरळ कर," ती म्हणाली.

मी काठीनं ओढून कड सरळ केली. दिवाळीआधीच ती गेली. ते लुगडं मी वापरलं नाही, कुणाला दिलंही नाही.

लोकांना वाटतं, या पदवीचं मला ओझं वाटत असेल. नाही वाटत. आईनं स्वतःच्या हिमतीनं ठरवून मला मिळवून दिलेली ती गोष्ट आहे. मी पदवीबद्दल खेद करत बसले, तर आईचाच शब्द खाली पडेल. मी ती पदवी ताठ मानेनं सांगते. रडू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी खिडकीत बसून तिला रोज बघत होते.

गेल्या आठवड्यात आमचं धुण्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो, चालू आहे. सुनेनं चादरी हातानं धुतल्या आणि बाल्कनीत उंच बांधलेल्या दोरीवर वाळत टाकायला लागली. मी खुर्ची दाराशी ओढून बसले.

"आई, असं काय बघताय?" ती म्हणाली. "चुकतंय का माझं काही?"

"नाही. डाव्या हातानं टाक बघू."

तिनं टाकली.

"आता उजव्या."

"ये क्या परीक्षा चल रही है?" ती हसत म्हणाली, आणि उजवा हात पार डोक्यावर नेऊन तिनं चादर दोरीवर भिरकावली.

"कड सरळ कर," मी म्हटलं.