चेहऱ्याला धक्का लागता कामा नये

बाबांची अट एकच होती. तोंडावर खूण दिसली की बॉक्सिंग बंद. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नसत. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत मुलीने ग्लोव्हज घालणं हाच मुळात चघळायचा विषय, तरी त्यांनी मला दोन वर्षं जाऊ दिलं, हे मान्य करायला हवं. पण जिल्ह्याची निवड शनिवारी आली आणि रविवारी मला बघायला पाहुणे यायचे होते. दिवस बदला म्हटलं, तर आई म्हणाली, "मुलीकडच्यांनी असं सांगायचं नसतं." मग मीही इरेला पेटले. दोन्ही करून दाखवते म्हटलं. माझा मूर्खपणा तो हाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्याकडे मुलींचं बॉक्सिंग नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या वजनगटात आम्ही दोघीच. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती. दुसरी बदलापूरची, बेलवलीची. माझ्याहून बुटकी. सरावात मी तिला दोनदा हरवलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून, दोर बांधून रिंग केली होती. हेडगार्डने कपाळ आणि गाल झाकले जातात, नाक उघडंच राहतं. त्या दिवशी मला माझ्या नाकाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. घंटा झाली, दोन्ही हात तोंडापुढे गेले आणि खाली येईनात. तिने एकदोनदा चाचपून पाहिलं, मग तिच्या लक्षात आलं. ती सरळ बरगड्यांवर मारायला लागली. मी श्वास गिळत मागे सरकत राहिले.

दुसऱ्या राउंडनंतर आमचे सर, उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावत म्हणाले, "हात खोल ना, बेटा. चेहरा काय नवऱ्यासाठी सांभाळून ठेवलाय?" रविवारचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. माझे कान तापले.

तिसऱ्या राउंडला मी ठरवून उठले. माझा उजवा ठोसा तिच्या नाकावर नीट बसला, रक्त आलं. पंचांनी तिला तपासलं आणि खेळू दिलं. ती पुन्हा पुढे आली. मी मात्र ते रक्त पाहून परत हात वर घेतले. उरलेला वेळ तिने मला दोरांशी दाबून धरलं.

शेवटी पंचांनी तिचा हात वर केला. सुजल्या नाकाने ती हसत होती. मला तिचा इतका हेवा वाटला की मी धड अभिनंदनसुद्धा केलं नाही. पुढे ती राज्याची विजेती झाली. तिचं नाक अजून किंचित वाकडं आहे.

संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले, माझी हनुवटी धरून चेहरा पाहिला आणि "ठीक आहे" म्हणून हातपाय धुवायला गेले. निकाल विचारला नाही. मीही सांगितला नाही.

रविवारी पाहुणे आले, जयभीम झाला. पोह्यांचा ट्रे ठेवायला वाकले तेव्हा बरगडीत कळ आली. मुलाच्या आईने मला जवळ बसवून न्याहाळलं. "चेहरा अगदी स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या.

"बॉक्सिंग खेळते ती," बाबा म्हणाले. "कालच जिल्ह्याची निवड होती." त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मुलाने विचारलं, "मग, जिंकलात?"

"नाही," मी म्हटलं. "चेहरा सांभाळत होते. आज तुम्ही येणार होतात ना."

चहा झाला, "कळवतो" म्हणून पाहुणे गेले. आता बाबा ओरडणार म्हणून मी भिंतीशी उभी राहिले. ते दारातच थांबले होते.

"अट घातली मी," ते म्हणाले, "पण तू हरशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

तोवर मला त्यांचा नुसता राग येत होता. आता रडू आलं, आणि बरगड्यांमुळे धड रडताही येईना.