झुंबर टांगणाऱ्याचं वजन

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर तो उभा राहिला, तशी सिस्टर म्हणाली, "एकोणसाठ! काका, आठ महिन्यांपूर्वी शहात्तर होतात. अर्धे राहिलात की हो!"

"आधी आजाराने उतरवलं, मग पथ्याने," शेजारी फाइल धरून उभी असलेली बायको म्हणाली. "चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. यांच्या पँटी आत घेऊन घेऊन माझं मशीन थकलं."

दोघी हसल्या. तो मात्र काट्यावरून उतरेना. त्याची नजर आकड्यावरच होती.

"अहो, उतरा की. मागे रांग लागलीय."

"अगं," तो हळूच म्हणाला, "त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं झुंबर छत्तीस किलोचं आहे."

बायकोला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिच्या हातातली फाइल खाली आली.

तीस वर्षं तो लोकांच्या घरी झुंबरं टांगत होता. त्याच्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: झुंबर जेवढं जड, त्याच्या दुप्पट वजन हुकाने पेललं पाहिजे. स्लॅबला भोक पाडून त्यात पोलादी फास्टनर ठोकायचा, हूक आवळायचा, हुकात दोर अडकवायचा आणि दोराच्या आडव्या दांडीला धरून स्वतः लोंबकळायचं. शंभर आकडे मोजेपर्यंत पाय जमिनीला लावायचे नाहीत. त्याचं वजन शहात्तर, तेव्हा अडतीस किलोपर्यंतच्या झुंबराला दुसरी तपासणी लागायची नाही. दिव्यांच्या बाजारात त्याला वटवाघूळ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. "मी लटकून बघितलंय ताई," हे त्याचं एक वाक्य लोकांना पुरायचं. शहात्तर हा आकडा मनात इतका पक्का बसला होता, की अंग झडलं तरी तो जागचा हलला नव्हता.

"एकोणसाठचे निम्मे साडेएकोणतीस," तो रिक्षात बोटांवर मोजत म्हणाला. "त्याच्या वरची या आठ महिन्यांत किती लावली? वकिलांचं बत्तीसचं. त्या कुलूप लावून परगावी गेलेल्यांचं चौतीसचं. आणि हे."

वकिलांच्या घरी बायकोने फोन लावला. "हॉलमध्ये कुणाला बसू देऊ नका, आम्ही येतोय," एवढंच सांगून ठेवला. परगावी गेलेल्यांच्या घरात माणूस नव्हतं, तेवढं बरं. डॉक्टरीणबाई मात्र दातांच्या डॉक्टर. पेशंटच्या तोंडात हात असला की त्या फोन बंद ठेवायच्या. नऊदा लावला, नऊदा बंद. आणि त्यांच्या जुळ्या मुली चार वाजता शाळेतून येऊन त्याच झुंबराखालच्या टेबलावर अभ्यासाला बसायच्या. बाईंनीच कौतुकाने सांगितलं होतं. "दिव्याखाली अक्षर सुधारलंय हो त्यांचं."

तीनला दहा कमी असताना तो शिडी घेऊन बायकोसह दारात हजर झाला. दार बाईंच्या सासऱ्यांनी उघडलं आणि ते परत जाऊन नेमके झुंबराखाली शब्दकोड्यासमोर बसले.

"आजोबा, तिथून उठता का जरा?"

"का? दिवा बिघडलाय?"

"नाही, तपासायचंय."

"मग तपासा की. मी काय तुमच्या आड येतो? शेवटचे चार शब्द राहिलेत."

"पडेल ते तुमच्या डोक्यावर!" बायको न राहवून ओरडली.

आजोबांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग वर पाहिलं. कोडं काखेत मारलं आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने स्वयंपाकघराचा उंबरा गाठला. तिथून म्हणाले, "हे आधी सांगायचं असतं, बाई!"

अख्खं झुंबर एकट्याने उतरवणं शक्य नव्हतं, आणि त्याच हुकाला कप्पी लावून ते खाली सोडायचा धीर होईना. म्हणून त्याने एकेक लोलक काढायला घेतला. दोनशे चाळीस लोलक. शिडीवरून तो खाली द्यायचा, बायको टॉवेलवर ओळीने ठेवायची. दरवेळी काच काचेला लागून किणकिणली की त्याचा हात जागच्या जागी थबके. लावताना हाच आवाज त्याला किती गोड वाटला होता! आता तो कान देऊन दुसरंच काही ऐकत होता. वरून माती झरते का, लोखंड कुरकुरतं का.

"अहो, जरा थांबा," बायको म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही. खाली या, दोन बिस्किटं खा."

"नको. चार वाजतील."

चार वाजलेच. मुली धावत आल्या, तेव्हा आजोबांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि "शेजारी जायचं, आत्ताच्या आत्ता!" असं दरडावून त्यांना तसंच दप्तरासकट पिटाळलं. तोवर लोलक संपले होते. पितळी फांद्या उतरल्या, शेवटी सांगाडा उतरला, आणि तो शिडीच्या खालच्या पायरीवर मट्कन बसला.

"आता तरी घरी जाऊ," बायको म्हणाली. "उतरलं ना सगळं?"

"हूक बघायचाय."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. टेबलावर टॉवेलभर लोलक, जमिनीवर फांद्या. "हे काय चाललंय? कुणी बोलावलं तुम्हाला?"

त्याने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "बाई, माझं वजन कमी झालंय," तो म्हणाला.

"म्हणून माझं झुंबर काढलंत?"

मग त्याने सगळं सांगितलं. बाईंनीच आतून गादी ओढत आणली आणि पाण्याने भरलेले वीस लिटरचे चार जार दाखवले. टेबल बाजूला सरकवून गादी हुकाखाली पसरली. दोराला जार अडकवायचे, ते गादीपासून वीतभर वर राहतील असे. एक. दोन. तिसरा लावला तेव्हा साठ किलो झाले, आणि हुकाने हूं की चूं केलं नाही. हा तर त्याच्याच अंगाचा भार होता. आजोबा दारातून म्हणाले, "टिकलं की! उगाच घाबरवलंत."

त्याने चौथा जार उचलून लावला.

आकडे मोजायला त्याने सुरुवात केली. तेवीसवर प्लास्टरची बारीक भुकटी त्याच्या कपाळावर पडली. सव्वीसला हूक बोटभर खाली सरकला. एकतीस म्हणेपर्यंत मुठीएवढं काँक्रीट घेऊन तो सुटला आणि चारही जार गादीवर आदळले. एक फुटला. पाणी वाहत टेबलाच्या पायापर्यंत गेलं. पुसायला कुणीच उठलं नाही.

"जुनं बुजवलेलं भोक होतं आत," काँक्रीट हातात फिरवत तो म्हणाला. "ते मला कळायला हवं होतं. पूर्वीइतका जड असतो तर हूक तेव्हाच माझ्यासकट खाली आला असता."

"सतरा दिवस माझ्या मुली याच्याखाली बसत होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याने काँक्रीट टेबलाच्या कडेला ठेवलं.

"मी दुसरीकडे हूक मारून देतो. वजनं लावून तपासतो, तुमच्यासमोर."

"नको." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "तुम्ही सांगायला आलात, याबद्दल मी आभारी आहे. पण पुन्हा या हातांनी लावलेल्या दिव्याखाली मला घास जाणार नाही. दुसरा माणूस बघते."

"बघा," तो म्हणाला. "फक्त त्याला नुसतं लटकू देऊ नका."

रस्त्यावर आल्यावर बायकोने पदराने त्याचं कपाळ पुसलं. "वकिलांकडे उद्या जाऊ. हॉल बंद ठेवलाय त्यांनी. तुम्ही अजून जेवलाही नाहीत."

"वाटेत जार भाड्याने घेऊ या, चार," तो म्हणाला.

"आणि त्यांनीही हेच ऐकवलं तर? बाजारात कोण उभं करील मग तुम्हाला?"

त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि रिक्षाला हात केला.